नोफॉलोला एवढं घाबरू नको रे

अरे भावा, नोफॉलो म्हणजे ‘ही लिंक धरू नको’ असं गूगलला सांगणारी लिंकच्या कोडमधली खूण, ती लागली म्हणजे लिंक वाया गेली असं नसतं. २००५ ला गूगलने कमेंटमधल्या स्पॅमसाठी ते आणलं तेव्हा अशी लिंक रँकिंगला (सर्चमध्ये साईट किती वर दिसते त्याला) धरतच नव्हते, पण २०१९ पासून ती नुसती हिंट, धरायची का नाही ते गूगल ठरवणार. तेव्हाच स्पॉन्सर्ड (पैसे देऊन घेतलेल्या लिंकसाठी) आणि यूजीसी (यूजरने टाकलेल्या लिंकसाठी) या खुणा पण आल्या. तुझ्या त्या गंगापूर रोडच्या मिसळवाल्याने पैसे देऊन लिंक घेतलीय ना, तिथे लिंकच्या कोडमध्ये rel (रेल) म्हणून या खुणा लिहायची जागा असते, तिच्यात स्पॉन्सर्ड टाकच, मी एकदा आळस केला आणि ऐन द्राक्षाच्या सीझनमध्ये साईट सर्चमध्ये खाली गेली, बोंबला! लोकांनी टाकलेल्या लिंकला यूजीसी. आणि स्वतःच्याच पानांना नोफॉलो लावत बसू नको, त्याने बाकीच्या लिंकांना जास्त वजन मिळत नाही, गूगलवाल्यांनी २००९ लाच सांगितलंय.