लढाईवरून आलेली पत्रं आणि वंशावळ: आधी मायना आणि शेवटच्या ओळी वाचा

तुम्ही लिहिलंय की आत्यांच्या ट्रंकेत पणजोबांची लढाईवरून आलेली पत्रं निघाली, काही मोडीत, काही देवनागरीत. लढाईबद्दल त्यांत फारसं काही नाही, नुसते नमस्कार-आशीर्वाद, मग वंशावळीसाठी त्यांचा काय उपयोग? माझ्या मते खरा ऐवज त्या नमस्कार-आशीर्वादांतच आहे. पलटण कुठे आहे, किती माणसं पडली, हा मजकूर सेन्सॉरच्या हातून सुटत नसे. घरच्यांच्या विचारपूशीला मात्र कुणाची हरकत नव्हती.

प्रत्येक पत्राच्या शेवटी ज्यांची नावं किंवा नाती येतात त्यांचे दोन रकाने करा: नमस्कार कुणाला आणि आशीर्वाद कुणाला. नमस्कार मिळणारी माणसं नात्याने किंवा वयाने थोरली, आशीर्वाद मिळणारी धाकटी. सगळ्या पत्रांचे रकाने तारखेप्रमाणे शेजारी लावले की भावंडांचा क्रम बराचसा लागतो. एखादं 'चि.' पहिल्यांदा कुठल्या पत्रात आलं यावरून जन्माचा सुमार कळतो, एखादं नाव अचानक गळलं तर तिथे थांबून शोध घ्यायचा. 'तीर्थरूप' बहुधा सख्ख्या आईवडिलांना आणि 'तीर्थस्वरूप' चुलते, मामा अशा वडीलधाऱ्यांना, हा भेदही उपयोगी पडतो.

आमच्या घरचं उदाहरण सांगतो. खापरपणजोबा इराकात बसऱ्याला होते. १९१७ च्या एका पत्रात 'ती. सौ. मातोश्रींस साष्टांग नमस्कार' आहे, आणि त्याच वर्षीच्या पुढच्या पत्रात 'ती. गं. भा. मातोश्रींस'. 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी, विधवेच्या नावामागे लावतात. बाकी मजकूर जवळजवळ तोच, पावसाची चौकशी आणि बैल विकू नका म्हणून निरोप. वडील गेल्याचा उल्लेख एका शब्दानेही नाही, बहुतेक तो आधीच्या हरवलेल्या पत्रात असावा. पण मृत्यू कोणत्या महिन्यांत झाला हे कळलं, म्हणून तहसील कचेरीत कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, तेवढीच पानं बघायला मागता आली. नोंद सापडली, मयताच्या नावापुढे त्याच्या बापाचं नाव होतं, आणि आमची वंशावळ एक पिढी वर सरकली.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. बरीच पत्रं शिपायाने स्वतः लिहिलेली नसत. पलटणीतला कुणी लिहिता-वाचता माणूस लिहून द्यायचा आणि गावात शाळामास्तर वाचून दाखवायचे. ठरीव मायना सवयीनेही पडतो, तेव्हा एकाच पत्रावरून निष्कर्ष काढू नका. दुसरं, 'भाऊ' म्हणजे सख्खाच असं नाही. एकत्र कुटुंबात चुलतभाऊही भाऊच, त्यामुळे सातबारा-फेरफाराशी ताडल्याशिवाय सख्खा लिहू नका.

बायकांची नावं या पत्रांत फार कमी येतात, याचं मला अजून वाईट वाटतं. पण 'पोफळीच्या आक्कास नमस्कार' अशी ओळ दिसली तर ती सोन्यासारखी जपा. थोरली बहीण, आणि तिला पोफळीला दिलेली. त्या गावच्या घरात तुमच्या घराण्याची आठवण माहेर म्हणून टिकलेली असू शकते, तिथे जाऊन विचारा.

युद्ध पहिलं की दुसरं, हे पलटणीच्या आकड्यावरून ठरतं. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे तीन आकडी मराठा पलटणींचे क्रमांक १९२२ पूर्वीचे. त्या वर्षी त्यांची मिळून पाचवी मराठा रेजिमेंट झाली, ११० ची तिसरी बटालियन झाली, ११७ ची पाचवी. म्हणून '३/५' दिसलं तर ती तारीख नव्हे, पाचव्या मराठाची तिसरी बटालियन. नुसत्या गावाच्या नावावर जाऊ नका, इराकात आपले लोक दोन्ही युद्धांत होते. मिती शकात असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुन जानेवारीनंतरचे असतील तर ७९.

पहिल्या युद्धातली पत्रं डिसेंबर १९१५ ला एकदम थांबत असतील तर इराकातल्या कूट गावाला तुर्कांनी घातलेला वेढा डोळ्यांपुढे ठेवा. १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर तिथे अडकल्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. कैद झालेल्यांतले पुष्कळ जण वाटेत आणि तुर्की छावण्यांत वारले. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन ठेवली आहेत, तिथे जरूर बघा. फ्रान्समधल्या हिंदी टपालाच्या सेन्सॉरने काढलेले उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होता. त्यात फार वेळ घालवू नका.

पणजोबा किंवा त्यांचा भाऊ लढाईत कामी आला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी-स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची, वेबसाइट सगळ्यात आधी. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, फक्त अधिकाऱ्यांची कोरली. हा अन्याय होता आणि कमिशननेही २०२१ च्या अहवालात अशा असमान वागणुकीची कबुली दिली. वेबसाइटवर मात्र ती नावं शोधता येतात, आणि कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं वाटेल तशी आहेत: पवारांचं पोवार, जाधवांचं जाधाव. आडनाव सोडून पलटण आणि गाव घालून बघा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता हे विसरू नका.

घरी पेन्शन येत असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला शिपाई नंबर घालून लिहा. किंड्रेड रोल, म्हणजे शिपायाच्या नातेवाइकांची यादी, मिळाली तर अर्धं काम झालं. तिथलं उत्तर येईपर्यंत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मनिऑर्डरीच्या पावत्या आणि कुपनं फेकू नका, पैसे कुणाच्या नावे जात होते यावरून घरचा कर्ता कोण हे कळतं. नंतर फेरफारातली वारसनोंद, शाळेचं जनरल रजिस्टर, आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी. नामावळीत घराण्यातलं कोण कधी येऊन गेलं ते पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं असतं, फक्त मूळ गाव आणि आडनाव नीट सांगावं लागतं.

मोडीसाठी पुराभिलेख संचालनालयाचे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग होतात. तोवर पत्रांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटासकट. पलटणीचा आकडा आणि टपालाचा शिक्का बहुधा पाकिटावरच असतो. तो आकडा लागत नसेल तर तेवढाच भाग इथे टाका, घरची नावं झाकून. मी बघतो.