दृष्टिहीन आजोबांसाठी डिजिटल रेडिओ कोणता घ्यावा?

म्हापशातील आपल्या दृष्टिहीन आजोबांसाठी लंडनहून डॅब (डिजिटल प्रसारणाची एक पद्धत) रेडिओ मागवावा का, असे आपण विचारले आहे. कृपया मागवू नका. ब्रिटनमधील डॅब पद्धतीचे नियमित प्रसारण भारतात होत नाही, आकाशवाणीने डीआरएम ही वेगळी डिजिटल पद्धत स्वीकारली आहे, त्यामुळे त्या संचावर गोव्यात फार तर एफएम लागेल. संच निवडताना आजोबांना दुकानात सोबत न्या आणि त्यांच्या बोटांना ठरवू द्या. केंद्रे साठवण्याची स्वतंत्र, हाताला जाणवणारी बटणे हवीत, कारण पडद्यावरील यादी वाचून केंद्र शोधावे लागणारा संच कितीही महाग असला तरी त्यांना परावलंबीच ठेवतो, आणि हे मला फार खुपते. अँड्रॉइड फोन असल्यास टॉकबॅक (पडद्यावरील मजकूर बोलून सांगणारी सोय) सुरू करून आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपवर पणजी केंद्रही ऐकता येते.