परसातल्या कोंबड्या, आवारातले खत आणि जुनी लाकडे: आलेल्या प्रश्नांना उत्तरे

परसातल्या कोंबड्यांविषयी बरेच प्रश्न जमले आहेत. बहुतेकांचा बेत एकच दिसतो. खुराड्याला लागून जाळीचे आवार करायचे, त्यात पालापाचोळा, काडीकचरा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकत राहायचे, कोंबड्यांनी तो उकरावा आणि आपल्याला आयते खत मिळावे. हे सगळे उभारायचे तेही पडून असलेल्या जुन्या लाकडातून. बेत चांगला आहे. कचरा जागच्या जागी जिरतो आणि कोंबड्या कामात राहिल्या की एकमेकींची पिसे उपटत बसत नाहीत. फक्त एवढे ध्यानात ठेवा की कोंबडी जे उकरते ते चोचीनेही तपासते. आवारात पडलेली वस्तू तिच्या पोटात आणि काही वेळा तिथून अंड्यात जाते. खालची बरीच उत्तरे याच गोष्टीवर उभी आहेत.

पाऊस लागल्यापासून आवारात चिखल आहे, डोळे चुरचुरतील इतका वास येतो. चुना टाकू का?

आता टाकू नका. ओल्या, ताज्या विष्ठेवर चुना पडला की अमोनिया आणखी जोरात सुटतो. चुन्याचे काम वेगळ्या जागी आहे, ते पुढे लाकडाच्या उत्तरात सांगतो.

आधी वास कसला आहे ते ओळखा. नाकाडोळ्यांना झोंबणारा असेल तर तो अमोनिया, म्हणजे विष्ठा जास्त आणि कोरडा माल कमी. कुजक्या अंड्यासारखा असेल तर खाली पाणी साचून हवा बंद झाली आहे. पावसाळ्यात बहुधा दोन्ही एकदम होते.

अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणी असते. नत्र भरपूर, कर्ब थोडा. खत नीट कुजायला कर्ब आणि नत्राचे प्रमाण 25 ते 30 ला 1 असावे लागते, विष्ठेत ते 10 ला 1 च्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ही तूट वाळला पाला, पेंढा, तूस, लाकडाचे तुकडे यांनीच भरून निघते. अंदाजाने एक टोपली ओला माल असेल तर दोन ते तीन टोपल्या कोरडा माल हवा. झोंबणारा वास येतो तेव्हा तुमच्या खतातले नत्रच हवेत उडून जात असते, म्हणून तो नुसता शेजाऱ्यांच्या तक्रारीचा विषय समजू नका. हवेत अमोनिया 25 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 25 भाग) वर गेला की कोंबड्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडू लागतात. आपले नाक वासाला सरावते, त्यामुळे सकाळी खुराड्याचे दार उघडल्या उघडल्या खाली वाकून, कोंबडीच्या उंचीवर, एकदा हुंगा.

मूळ घोटाळा मला वेगळाच वाटतो. पत्रे लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी झोपायची जागा आणि खताची जागा एकच केली आहे. या दोन जागांना लागणारा ओलावा जुळत नाही. खुराड्यातली गादी, म्हणजे खाली अंथरलेला तूस-पेंढा, कोरडी हवी, ओलावा 20 ते 25 टक्के. मुठीत दाबली तरी हात सोडताच सुटी झाली पाहिजे. बाहेरच्या आवारातला माल मात्र कुजायला हवा असेल तर 50 ते 60 टक्के ओलावा लागतो. मुठीत घट्ट दाबल्यावर हात ओला व्हावा, एखादा थेंब दिसावा, धार लागू नये. आत कोरडे, बाहेर वाफसा. हे उलटे झाले की आत कोंबड्या आजारी आणि बाहेर नुसता वाळका कचरा.

आज काय करायचे? चिखल ढवळू नका, ढवळल्याने वास वाढतो. त्यावर लाकडाचे जाड तुकडे किंवा काटक्यांचा कुटार वीतभर पसरा. बारीक भुसा पाणी धरून लगदा होतो, जाड तुकड्यांतून हवा खेळते. पाण्याचे भांडे विटांवर चढवा, छपराच्या पागोळ्या आवारात पडत असतील तर पन्हळ लावून बाहेर काढा. निम्म्या आवारावर तरी छत घाला. आणि कोंबड्या मोजा. बाहेर एका पक्ष्याला 10 चौरस फूट आणि आत 3 ते 4 चौरस फूट जागा नसेल तर कितीही पाला टाकला तरी पुरणार नाही. अशा वेळी पक्षी कमी करणे हाच उपाय, लोकांना तो आवडत नाही तरी.

बुरशी आलेला पेंढा स्वस्त मिळतो म्हणून गादीला वापरू नका. त्यातल्या ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू श्वासातून फुफ्फुसात बसतात आणि एकदा बसले की उपचार बहुधा हाती लागत नाही.

पॅलेट, जुनी दारे, पाडलेल्या घराचे लाकूड: खुराड्याला काय चालेल?

लाकूड कसे दिसते यापेक्षा ते आधी कुठे होते हे महत्त्वाचे. परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात एचटी अक्षरे असली तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवलेले आहे, ते घ्या. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी. मी तरी ते पॅलेट कोंबड्यांसाठी वापरायला सांगणार नाही. शिक्का फक्त प्रक्रिया सांगतो, वर काय सांडले होते ते सांगत नाही. तेलाचे किंवा औषधाचे डाग असलेली, उग्र वास येणारी फळी शिक्का चांगला असला तरी बाजूला ठेवा.

हिरवट झाक असलेले खांब, फळ्या सापडल्या तर सावध राहा. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेले लाकूड असे दिसते. उन्हापावसात वर्षे गेली की ते करडे पडते आणि साध्या लाकडासारखे वाटू लागते, हीच अडचण. ते मातीला आणि खताला टेकले की आर्सेनिक झिरपते. जाळलेत तर राखेत उरते, म्हणून चुलीतही घालू नका. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर बहुधा क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात भिजवलेले असतात, तेही नकोत. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) ओलीत फुगून सुटतात आणि कोंबड्या त्यांचे पापुद्रे टोचतात.

जुन्या दाराखिडक्यांचा रंग हा सर्वांत दुर्लक्षित धोका. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असायचे. पोपडे गळले की कोंबड्या ते टिपतात आणि शिसे बलकात उतरते. कोंबडी वरून ठणठणीत दिसत राहते, अंडी मात्र घरातली मुले खातात. रंग घासून काढू म्हणाल, तर ती धूळ आवारात आणि तुमच्या छातीत जाणार. रंगवलेले जुने लाकूड कोंबड्यांच्या वाऱ्यालाही नको.

चांगले लाकूड मिळाले की खिळे. वाकवून ठोकून टाकलेला खिळा पुढे निसटतोच. कोंबडी चकाकणारे तुकडे हमखास उचलते आणि तिची पेटी, म्हणजे दाणे दळणारे पोट, दळण्याच्या जोरात तो खिळा आरपार घालवते. कापणे, उपसणे हे काम आवारापासून दूर, ताडपत्रीवर करा आणि शेवटी दोरीला बांधलेले लोहचुंबक सगळीकडून फिरवा. जाळीच्या कापलेल्या तारांचे तुकडेही त्यात येतात.

आता जुने लाकूड कुठे लावायचे. चौकट, छप्पर, दार यांना खुशाल लावा. आवाराच्या कडेने फूटभर उंचीची फळी लावायला तर ते उत्तम, कारण कोंबड्या माल सतत जाळीबाहेर उडवतात. उतार असेल तर सगळा माल खालच्या कडेला येऊन साठतो, तिथे फळी दुप्पट उंच ठेवा. साधे लाकूड मातीला टेकून दोन-चार वर्षांत कुजेल. कुजू द्या, खतातच जाईल. विष मुरवलेले लाकूड टिकते म्हणून नेमके इथेच लावण्याचा मोह होतो, तो टाळा.

बसायच्या दांड्या आणि अंड्यांचे खोके मात्र भेगाळ जुन्या लाकडाचे करू नका. लाल माइट हे बारीक किडे दिवसा भेगांत, सांध्यांत लपतात आणि रात्री झोपलेल्या कोंबडीचे रक्त पितात. कोंबड्या नसल्या तरी काही महिने उपाशी जगतात, म्हणून खुराडे थोडे दिवस रिकामे ठेवून उपयोग नाही. शंका असेल तर रात्री दांडीच्या खालून पांढरा कागद घासा. रक्ताचे फराटे उमटले की समजा. दांड्या गुळगुळीत, कडा गोल केलेल्या आणि खाचेतून उचलून काढता येतील अशा ठेवा. कुसळ लागले किंवा फार उंचावरून उडी मारावी लागली तर तळव्याला जखम होऊन गाठ धरते. दोन फूट उंची पुरे, दांडीवर एका पक्ष्याला 8 ते 10 इंच जागा. खोके दांडीपेक्षा खाली असावेत, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात. फूटभर लांब-रुंद-उंच एक खोका चार-पाच कोंबड्यांना पुरतो. चुना इथे वापरायचा: खुराडे रिकामे करून, झाडून, भेगाभेगांतून दाट सफेदी मारायची आणि पूर्ण वाळल्यावरच पक्षी सोडायचे.

षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी घ्या आणि तळाशी फूटभर गाडा.

आवारातले खत थेट भाजीला घातले तर चालेल का?

नाही. कोंबड्या माल सारखा पसरवतात, त्यामुळे ढीग तापत नाही आणि न तापलेल्या खतात साल्मोनेला हे रोगजंतू, जंतांची अंडी जिवंत राहतात. दर तीन-चार महिन्यांनी खालचा काळा माल काढून आवाराबाहेर किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग घाला, वाफसा ठेवा, झाका. आत 55 ते 65 अंश उष्णता आली पाहिजे. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून थोड्या वेळाने काढली तर हातात धरवू नये. 15 दिवस ही ऊब टिकवून त्यात पाच वेळा ढीग पलटा, म्हणजे कडेचा माल मध्यात येतो. मग महिना-दोन महिने थंड होऊ द्या. कच्चेच खत घालायचे असेल तर अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमातले अंतर पाळण्यासारखे आहे: मातीला लागणाऱ्या पिकाला काढणीपूर्वी 120 दिवस, न लागणाऱ्याला 90.

बाहेरून आणलेल्या पेंढ्यावर किंवा गवतावर क्लोपायरालिड, अमिनोपायरालिड यांसारखी तणनाशके मारलेली असतील तर ती खतातही टिकतात आणि टोमॅटो, घेवडा यांची पाने आकसतात. कुंडीत खत-माती भरून घेवड्याचे चार दाणे लावून पाहा, मग वाफ्यात घाला.

आवारातले किडे-गांडुळे खातात, मग खाद्य बंद करू का?

प्रथिने थोडी मिळतात, भरवसा ठेवण्याइतकी नाहीत. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम, 16 ते 18 टक्के प्रथिनांचे खाद्य लागते. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जाते, ते किड्यांतून येणार नाही. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. कचऱ्यातून मिळणारे अन्न एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ देऊ नका. हिरवे बटाटे, कच्चा राजमा, ॲव्होकॅडो, खारट आणि बुरशीचे काहीही आवारात नको. मांस, मेलेला पक्षी तर मुळीच नाही: त्यावरच्या अळ्या खाऊन बोटुलिझम (जिवाणूच्या विषाची बाधा) होतो, मान लुळी पडून कोंबडी जाते. अचानक दोन-तीन पक्षी मेले तर खड्ड्यात टाकून मोकळे होऊ नका, पशुवैद्यकांना दाखवा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलेली नसेल तर तेव्हाच चौकशी करा.

नवी पिल्ले या आवारात केव्हा सोडू?

आठ आठवड्यांनंतर. त्याआधी ऊबदार ओल्या मालात कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी झपाट्याने तयार होतात आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. तोवर कोरड्या तुसावर ठेवा, गादी दोन दिवसांनी हलवा, ओली जागा दिसेल तिथून उचलून मोठ्या कोंबड्यांच्या आवारात टाका.