दातांच्या ब्रेसेसची तार गालाला टोचत असेल तर डॉक्टर भेटेपर्यंत घरी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मालवणात राहता, मुलीला तारा लावून पंधरा दिवस झालेत, मागची तार गालात घुसतेय, एक ब्रॅकेटही (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) हलतंय आणि डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. माझ्या मुलाला दोन वर्षं तारा होत्या. आम्ही गुहागरला, डॉक्टर चिपळूणला, त्यामुळे हे सगळं आमच्या घरी होऊन गेलंय. घाबरू नका, एवढ्यासाठी रात्री धावपळ करावी लागत नाही.

टोचतंय तिथे मेण लावा. डॉक्टरांनी दिलेली डबी संपली असेल तर औषधाच्या दुकानात ऑर्थोडॉन्टिक वॅक्स मागा. पहिल्यांदा आम्ही लावलं ते पाच मिनिटांत सुटून आलं, कारण जागा ओली होती. मग मी त्याला खिडकीपाशी बसवलं, गाल बोटानं बाहेर ओढला, कापसानं तार आणि दात कोरडे केले, हरभऱ्याएवढं मेण बोटांत मळून मऊ केलं आणि टोकावर दाबून बसवलं. रात्रभर टिकलं. थोडं पोटात गेलं तरी अपाय नाही. मेण मिळेपर्यंत ओल्या कापसाचा छोटा बोळा चालतो, पण झोपताना काढा.

ब्रॅकेटला जाड तार बांधायची जी बारीक तार असते, ती वर आली असेल तर पेन्सिलीच्या खोडरबरानं अलगद आत वळवा. जाड तार मात्र घरी कापू नका. तुकडा घशात जाण्याची भीती असते.

हलणारं ब्रॅकेट तारेवर असेल तर तसंच राहू द्या, वर मेण लावा. निघून हातात आलं तर डबीत जपून ठेवा. फेविक्विक कधीच नाही! डॉक्टरांना फोटो पाठवून आधीच कळवा, म्हणजे ते परत चिकटवायला वेळ राखून ठेवतील.

गाल सोलवटला असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायला सांगा. लवंग किंवा लवंगेचं तेल जखमेवर लावू नका, आग होते. तारा घट्ट केल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतातच. तेव्हा उकड्या तांदळाची पेज, मऊभात, घावणे द्या. पॅरासिटामॉल द्यायचंच तर वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांना विचारून.

आमचं ब्रॅकेट तुटलं ते फणसाच्या तळलेल्या गऱ्यांनी. ते, चिकट आंबापोळी आणि कुर्ल्यांचे डेंगे दातांनी फोडणं, हे सध्या बंदच ठेवा. हळदीच्या कालवणानं ब्रॅकेटवरची छोटी रबरं पिवळी पडतात, त्याची काळजी नको, पुढच्या भेटीत बदलतात.

चेहऱ्यावर सूज, ताप, न थांबणारं रक्त, किंवा तुकडा गिळल्यावर खोकला वा श्वासाला त्रास झाला, तर मात्र महिन्याची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

आणि पुढच्या वेळी खुर्चीवरून उठण्याआधी मुलीला जीभ मागच्या दातांवरून फिरवायला सांगा. टोचलं तर तिथेच टोक कापून घ्या.