सीडीवर मराठी नावांच्या जागी अंडरस्कोर का आले, आणि इमेज नीट कशी बनवायची

तुमच्या तक्रारी आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. लालबागच्या मंडळाचे जुने फोटो आणि भजनांची रेकॉर्डिंगं असे दोन फोल्डर. लिनक्सवर जेनआयएसओइमेज या टूलने त्यांची आयएसओ इमेज (म्हणजे अख्ख्या सीडीचा मजकूर एकाच फाइलमध्ये) काढून सीडी लिहिली. सेक्रेटरींच्या विंडोजवर फाइल दिसतात, पण सगळी नावं पाच अंडरस्कोर आणि पुढे ०००, ००१, ००२ अशी. दोन्ही फोल्डरांची नावं गायब, फोटो आणि गाणी एकाच ढिगात. मग व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पाठवलेली कमांड पेस्ट केली तर ती चालेचना. आणि शेवटी प्रश्न, की या टूलला मराठी येत नाही का, साडेतीनशे फाइलींची नावं इंग्रजीत करत बसू का?

नका करू. मराठी येतं त्याला, फक्त सांगावं लागतं.

पहिलं म्हणजे ती पेस्ट केलेली कमांड. वर्ड आणि काही मोबाइल कीबोर्ड छोट्या आडव्या रेघेची परस्पर लांब रेघ करतात. डोळ्याला फरक कळत नाही, पण टर्मिनलच्या दृष्टीने ते वेगळंच अक्षर असतं, मग ते त्याला फाइलचं नाव समजतं आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून बसतं. म्हणून मी कमांड कॉपी करण्यासारखी देत नाही, फोनवर सांगावी तशी सांगतो. हाताने रोमनमध्ये टाइप करा. ‘मायनस’ म्हणजे साधी छोटी रेघ. ‘मोठा’ म्हणजे कॅपिटल, ‘लहान’ म्हणजे स्मॉल. इथे त्याने फार फरक पडतो.

आता मूळ दुखणं. चाळीत एकेका खोलीच्या दारावर तीन-तीन पाट्या असतात बघा. म्युनिसिपालिटीने मारलेला पत्र्याचा नंबर, बिऱ्हाडकरूने रंगवून घेतलेली नावाची पाटी, आणि नंतर मुलाने लावलेली पितळी. खोली एकच, माणसंही तीच. पोस्टमन एक पाटी वाचतो, पाहुणा दुसरी. आयएसओ इमेजमध्ये हेच चालतं. फोटोचा डेटा एकदाच लिहिलेला असतो, पण त्याच्या नावांच्या तीन याद्या ठेवता येतात, आणि समोरचं मशीन कुठली यादी वाचतं त्यावर तुम्हाला काय दिसणार ते ठरतं.

पत्र्याचा नंबर म्हणजे आयएसओ ९६६०. १९८८ सालचं स्टँडर्ड. त्याच्या पहिल्या लेव्हलमध्ये नाव आठ अक्षरांचं, एक्स्टेन्शन तीन, आणि चालतात फक्त रोमन कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. देवनागरीचा प्रश्नच नाही. तुमच्या प्रत्येक मराठी अक्षराचे बाइट अंडरस्कोर झाले, सगळी नावं सारखी झाली, मग टूलने पहिले पाच अंडरस्कोर ठेवून पुढे तीन आकड्यांचा नंबर टाकला. बिचाऱ्याने नियम पाळला.

दुसरी पाटी जोलिएट, मायक्रोसॉफ्टची, १९९५ची. यात नावं युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच अक्षरसंचात) असतात, म्हणून मराठी सुखाने बसतं. विंडोज हीच वाचतं. तिसरी रॉक रिज, युनिक्सवाल्यांची. लांब नावं, परवानग्या, सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणारा दुवा) वगैरे सगळं तिच्यात. लिनक्सला रॉक रिज दिसली की ते जोलिएटकडे ढुंकूनही बघत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, यावरच मी एकदा तोंडावर आपटलोय.

२००७ची गोष्ट. गिरगावातल्या एका वाचनालयासाठी जुन्या स्मरणिकांचे स्कॅन सीडीवर द्यायचे होते. मी रॉक रिजचा पर्याय दिला, जोलिएटचा राहिला. घरी लिनक्सवर सीडी घालून पाहिली, सगळी नावं झकास मराठीत. लॅमिंग्टन रोडवरून पन्नास कोऱ्या सीडींचं केक बॉक्स आणलं, दोन रात्री जागून चाळीस सीडी लिहिल्या, मार्करने वर नावं घातली, वाटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातपासून फोन. सगळ्यांकडे विंडोज, सगळ्यांकडे अंडरस्कोर. सीडी-आर खोडता येत नाही. त्या चाळीसांतल्या काही अजून आमच्या गॅलरीत कबुतरं हाकलायला टांगलेल्या आहेत.

आता कमांड. आधी जेनआयएसओइमेज. मग मायनस मोठा जे, ही जोलिएटची पाटी. मग मायनस लहान आर, ही रॉक रिजची. मोठा आर पण आहे, पण तो तुमच्या डिस्कवरचा मालक आणि परवानग्या जशाच्या तशा उचलतो. फोल्डर फक्त तुम्हालाच उघडता येण्यासारखा असेल तर सीडीवरही तसाच जाणार, आणि दुसऱ्याच्या लिनक्सवर ‘परवानगी नाही’ येणार. लहान आर सगळ्यांना वाचायची मुभा देतो. वाटायच्या सीडीला लहानच.

पुढे मायनस इनपुट-कॅरसेट आणि त्यापुढे यूटीएफ-८, म्हणजे तुमच्या डिस्कवर युनिकोड नावं ज्या रीतीने लिहिलेली असतात ती. टर्मिनलमध्ये टूल हे लोकेलवरून (मशीनच्या भाषा-लिपीच्या सेटिंगवरून) स्वतःच ओळखतं, पण हीच कमांड क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) किंवा एखाद्या जुन्या सर्व्हरवर चालवली तर लोकेल साधं सी असतं आणि जोलिएटमधल्या मराठीचा चिवडा होतो. लिहून टाकलेलं बरं. मग मायनस मोठा व्ही आणि सीडीचं लेबल. हे रोमनमध्ये, सोळा अक्षरांच्या आत ठेवा. मूळ नियम बत्तीसचा आहे, पण जोलिएटच्या लेबलात सोळाच मावतात.

फोल्डरांची नावं गायब होण्याचं कारण वेगळं. या टूलला फोल्डर दिला की ते त्याच्या आतला माल सीडीच्या मुळाशी ओततं, फोल्डर स्वतः नेत नाही. दोन फोल्डर दिले तर दोन्हींचा माल एकाच ढिगात. दोन्हींत एकाच नावाची फाइल असती तर कमांड तिथेच थांबली असती, तुमच्यात नव्हती म्हणून निभावलं. यावर उपाय मायनस ग्राफ्ट-पॉइंट्स. तो दिला की शेवटी फोल्डर असा लिहायचा: आधी सीडीवर हवं ते नाव आणि तिरपी रेघ, मग बरोबरचं चिन्ह, मग डिस्कवरचा पूर्ण पत्ता, मध्ये स्पेस नाही. म्हणजे ‘फोटो/’, ‘=’, आणि पुढे खरा पाथ. भजनांचं तसंच. त्याआधी मायनस लहान ओ आणि तयार होणाऱ्या इमेजचं नाव. ही इमेज त्याच फोल्डरांत काढू नका, नाहीतर पुढच्या खेपेला मागची इमेजही सीडीवर चढते आणि ‘मावत नाही’ म्हणून आपण डोकं खाजवत बसतो.

तुम्ही लिहिलंय की काही फोटो दुसऱ्या डिस्कवर आहेत आणि इथे फक्त सिमलिंक आहेत. रॉक रिजमध्ये ते लिंक म्हणूनच जातील, म्हणजे सीडीवर नुसती बाण दाखवणारी पाटी, पलीकडे खोलीच नाही. मायनस लहान एफ द्या, मग खरी फाइल उचलली जाईल.

नावांच्या लांबीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इंग्रजी मॅन्युअलमध्ये हे आपल्या दृष्टीने लिहिलेलं नसतं. जोलिएटची मर्यादा ६४ अक्षरांची, पण ही ‘अक्षरं’ म्हणजे युनिकोडचे तुकडे. ‘स्पर्धा’ हा शब्द डोळ्यांना दोन-अडीच अक्षरांचा. युनिकोडमध्ये स, हलन्त, प, र, हलन्त, ध, काना, असे सात. तुमच्या यादीतलं ‘१९९३ लहान मुलांची वेशभूषा स्पर्धा बक्षीस समारंभ अध्यक्षांच्या हस्ते १’ हे नाव घ्या. ‘अध्यक्षांच्या’पर्यंत येता येता कोटा संपतो, एक्स्टेन्शन त्यातच धरलेलं असतं. मग या नावाचा शेवटचा १ आणि तशाच दुसऱ्या फाइलीचा शेवटचा २ छाटला जातो, दोन फाइलींचं जोलिएट नाव एकच होतं आणि टूल तक्रार करून थांबतं. मायनस जोलिएट-लाँग दिलं की मर्यादा १०३ वर जाते. हे स्टँडर्डच्या बाहेरचं आहे, पण विंडोज निमूटपणे वाचतं. मी मात्र आकडा शेवटी ठेवण्याऐवजी नावाच्या सुरुवातीला आणतो. रॉक रिजची मर्यादा २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एकेक तुकडा तीन बाइट खातो, म्हणजे साधारण ८५ तुकडे.

नावं छाटायला स्क्रिप्ट लिहिलीत तर बाइट मोजून छाटू नका. तीन बाइटांच्या मधोमध कात्री लागली की शेवटी काळा चौकोन उरतो.

याच ओघात ‘ऱ्या’. ‘दुसऱ्या दिवशीची आरती’ नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरात दिसतायत आणि लिनक्स तक्रार करत नाही, असं तुम्हाला वाटलं ना? तो भास नाही. हा ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. दिसायला सारखंच, आतून तीन वेगळी नावं. जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलेल्या फाइलींत नुक्तावाला प्रकार हमखास सापडतो, कारण ती फाइल सिस्टीम अक्षरं फोडूनच साठवायची. इमेज काढण्याआधी हे एकसारखं करून घ्या, नाहीतर सीडीवर दोन जुळी भावंडं जातील आणि सर्चमध्ये एकच सापडेल.

भजनांच्या फोल्डरात प्रत्येक नावाच्या सुरुवातीला दोन इंग्रजी आकडे घाला. मराठी आकडे नकोत. तुमचे बरेच जुने सभासद ही सीडी गाडीतल्या किंवा टीव्हीखालच्या प्लेअरवर लावणार, आणि त्यातले कित्येक प्लेअर फक्त पत्र्याचा नंबर वाचतात. तिथे मराठी आकड्याचाही अंडरस्कोर होतो. इंग्रजी आकडा असेल तर निदान क्रम टिकतो, पुढे अंडरस्कोर का असेनात. आयएसओ ९६६० मध्ये फाइली नावाच्याच क्रमाने लावलेल्या असतात, त्यामुळे हे आपोआप जमतं. मायनस सॉर्ट नावाचा पर्याय दिसला तर त्याच्या नादी लागू नका, तो फाइल सीडीवर भौतिक जागेत कुठे पडणार ते ठरवतो, दिसण्याचा क्रम नाही.

मावेल का, ते आधीच कळतं. सगळी कमांड तशीच ठेवून मायनस प्रिंट-साइझ जोडा, इमेज न लिहिता सेक्टरांचा आकडा मिळतो. एक सेक्टर २०४८ बाइटचा. ८० मिनिटांच्या सीडीवर सेकंदाला ७५ या हिशेबाने ३,६०,००० सेक्टर, पण तुम्ही ३,५९,०००च्या आत राहा. एक किलोबाइटची थंबनेलसुद्धा अख्खा सेक्टर अडवते, तेव्हा पाच हजार थंबनेलं सोबत चालली असतील तर दहा एमबी फुकट गेलेच. उडवा ती.

इमेज झाली की लगेच बर्नरकडे धावू नका. आयएसओइन्फो हे टूल सोबतच येतं, त्याला रूट परवानगी लागत नाही. मायनस लहान एफ, मायनस लहान आय आणि इमेजचं नाव दिलं की पत्र्याच्या नंबरांची यादी येते. त्यातच मायनस मोठा आर घातला की रॉक रिजची. मायनस मोठा जे घातला की जोलिएटची, तिथे मायनस लहान जे आणि यूटीएफ-८ हेही द्या. तिन्ही याद्या शेजारी-शेजारी उघडा. सेक्रेटरींना काय दिसणार ते शेवटच्या, जोलिएटच्या यादीत, गाडीतल्या प्लेअरला काय दिसणार ते पहिलीत. २००७ साली ही दोन मिनिटं काढली असती तर कबुतरांची सोय झाली नसती.

कुणीतरी सांगेलच की जेनआयएसओइमेज जुनं झालं. खरं आहे. ज्या मूळ टूलवरून हे आलं ते एमकेआयएसओएफएस एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये लिहिलं, पुढे ते यॉर्ग शिलिंग यांच्या सीडीआरटूल्स या सीडी लिहिण्याच्या टूलसंचात आलं. लायसन्सवरून वाजलं, तेव्हा २००६ मध्ये डेबियन या लिनक्सवाल्यांनी त्याचा वेगळा फाटा काढून त्याचं नाव जेनआयएसओइमेज ठेवलं, आणि त्याची शेवटची आवृत्ती २०१०ची. आज सांभाळलं जाणारं म्हणजे झॉरिसो (रोमनमध्ये एक्सने सुरू होतं). त्याला मायनस अॅज (लहान ए, एस) आणि एमकेआयएसओएफएस म्हटलं की वरचे बहुतेक पर्याय तसेच चालतात. तुमच्याकडे कुठल्या मोठ्या व्हिडिओची चार जीबीवरची फाइल असेल आणि ती डीव्हीडीवर घालायची असेल तर झॉरिसोच घ्या, आयएसओ लेव्हल तीनसकट. साडेतीनशे फोटो आणि भजनांना जुनं टूल पुरे.

लिहिताना वेग कमी ठेवा आणि डिस्क-अॅट-वन्सनेच, म्हणजे अख्खी सीडी एका दमात, लिहा. मग सीडी परत वाचून इमेजशी पडताळा. इथे एक गोंधळ होतो: डीडीने (जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या लिनक्सच्या कमांडने) अख्खी सीडी वाचली तर शेवटी एखाद-दुसरा फालतू ब्लॉक येऊन चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही, आणि माणूस चांगली सीडी फेकून देतो. आयएसओइन्फो मायनस लहान डी ने इमेजची लांबी सेक्टरांत बघा, डीडीला ब्लॉक साइझ २०४८ आणि तेवढाच काउंट द्या, मग त्याचा आणि इमेजचा शा-२५६ चेकसम काढा. जुळलाच पाहिजे.

इमेजची फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, शेजारी चेकसमची छोटी टेक्स्ट फाइल. पावसाळ्यात आपल्याकडे सीडीच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि सुधारलेल्या इमेजची जोलिएट यादी इथे टाका, वीस-पंचवीस ओळी पुरेत. लिहिण्याआधी मी नजर घालतो.