बेडकाच्या उपचारासाठी एफडी मोडू का?

नाशिकच्या सिडकोतल्या एका वाचकांनी विचारलं आहे: मुलाचा तीन वर्षांचा पॅकमॅन बेडूक आठवडाभर काही खात नाही, पोट आणि मांड्यांची आतली बाजू लाल झाली आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासणी आणि औषधं मिळून सात हजारांपर्यंत खर्च सांगितला. दुकानदार म्हणतो, उपचार सोडा, २२ हजारांत नवा बेडूक आणि नवी टाकी घ्या, क्रेडिट कार्डावर हप्ते करून देतो. घरात ८० हजारांची दोन वर्षांची एफडी आहे, मुदतीला चार महिने बाकी. मुलीच्या शिक्षणासाठी तीन हजारांची एसआयपी चालू आहे. एफडी मोडू, एसआयपी थांबवू की हप्ते घेऊ?

यातलं काहीच करू नका. पण बेडकाला उद्याच डॉक्टरांकडे न्या.

तुम्ही सांगता ती लाली साध्या खरचटण्याची वाटत नाही. घाण पाण्यात वाढणारे जिवाणू अशक्त बेडकाला गाठतात, तेव्हा पाय आणि पोट असं लाल होतं. पण कायट्रिड बुरशीतही त्वचा लाल पडते आणि त्याचं औषध वेगळं. दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही, त्वचेचा नमुना तपासावाच लागतो. म्हणून तुमच्या सात हजारांतला पहिला रुपया तपासणीवर जायला हवा. माणसांचं उरलेलं अँटिबायोटिक अंदाजाने देऊ नका. बेडकाची त्वचा पाण्यातलं बरंच काही शोषून घेते, त्यामुळे मात्रा चुकली तर जीव जाऊ शकतो.

दुकानदाराचा सल्ला मला सर्वांत महाग वाटतो. रोग संसर्गाचा असेल, तर जुनी भांडी आणि माती वापरात राहिली की नवा बेडूकही आजारी पडू शकतो. कार्डाचा एक हप्ता चुकला तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज लागतं. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी सुटत नाही.

एफडी मोडली तर बँका साधारण एक टक्का व्याज कापतात. तुमच्या रकमेवर वीस महिन्यांचे ते सुमारे १,३०० रुपये होतात. त्याऐवजी त्याच एफडीवर दहा हजारांचं कर्ज घ्या. दर एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. नऊ टक्के धरले तरी चार महिन्यांचे ३०० रुपये, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. एसआयपीला हात लावू नका.

पुण्याला निघण्यापूर्वी घरात बसून मर्यादा ठरवा. माझ्या मते प्रवास धरून दहा हजार. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, वाचण्याची शक्यता किती? फारच कमी असेल तर वेदनारहित शेवट देण्याबद्दल विचारायला संकोच वाटू देऊ नका, आणि मुलालाही ते खरं सांगा. काहीही झालं तरी बेडूक नासर्डीत किंवा गोदावरीत सोडू नका. आपल्या इथल्या बेडकांना तो रोग लागू शकतो.

निघेपर्यंत त्याला स्वच्छ डब्यात, ओल्या टिशू पेपरवर ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला बाधतं, म्हणून डीक्लोरिनेटरचे थेंब टाका. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून लिहून ठेवा.

तो बरा झाला, तर खरेदी एवढीच: थर्मोस्टॅटसह हीट मॅट, थर्मामीटर आणि कॅल्शियमची पावडर. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री पॅकमॅनला मानवत नाहीत. त्याला २४ ते २८ अंश लागतात, त्याखाली पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. शिवाय महिना ५०० रुपयांची आरडी त्याच्या नावाने उघडा. हे बेडूक नीट सांभाळले तर दहा वर्षांहून जास्त जगतात, आणि आपल्याकडचा पाळीव प्राण्यांचा विमा बहुतेक कुत्र्या-मांजरांपुरताच असतो.