लेकीच्या नावाने बोललेला नवस

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी मिस्टर आयसीयूत होते. हॉस्पिटलच्या जिन्यातच गुडघे टेकून मी देवाला म्हटलं, "यांना वाचव. मरेपर्यंत दर शुक्रवारी पाण्याचा थेंबही घेणार नाही, आणि आमची मुलगी तुझ्या सेवेला देईन." ते वाचले. पाच वर्षं मी शुक्रवार पाळले. गेल्या वर्षी मला इन्सुलिन सुरू झालं, त्यानंतर उपासाच्या दिवशी दोनदा चक्कर येऊन पडले. मुलगी आता 17 वर्षांची आहे. तिला धर्मभगिनी व्हायचं नाही, आणि नवसाचं कळल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. त्यात यांचं दुखणं पुन्हा उलटलंय. नणंद म्हणते, नवस मोडल्याची ही शिक्षा आहे. आम्ही कॅथलिक आहोत. मी काय करू?

उत्तर : ताई, येत्या शुक्रवारी निर्जळी राहू नका. इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. घाम सुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. मोजल्यावर आकडा 70 च्या खाली आला तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. उपासासाठी इन्सुलिनचा डोस मनाने कमी करू नका. चर्चने सक्तीचे केलेले उपासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. त्या दिवशीही एक पूर्ण जेवण चालतं, पाण्याने उपास मोडत नाही, आणि आजाऱ्याला सूट असते.

आता नवसाकडे वळू. 1983 च्या कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम 1191 सांगतं की नवस म्हणजे विचारपूर्वक आणि स्वखुशीने देवाला दिलेलं वचन, तेही शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीचं. यातला 'शक्य' हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा. वचन दिलंत तेव्हा निर्जळी उपास तुम्हाला झेपत होता, आज तो जिवावर बेततो. वचनातली मूळ गोष्टच एवढी बदलली तर त्याचं बंधन संपू शकतं, हे कलम 1194 मध्ये आहे. तरी "संपलं" असं स्वतःच ठरवून मोकळ्या होऊ नका, नाहीतर रात्री मन पुन्हा खायला उठेल.

मुलीचं वेगळं आहे, आणि खरी गाठ तिथेच आहे. कलम 1193 प्रमाणे नवस फक्त करणाऱ्यालाच बांधतो. मुलीचं आयुष्य तुमच्या हातातलं नव्हतंच, म्हणून त्या वाक्याने ती मुळीच बांधली गेलेली नाही. बायबलमधल्या हन्नेने आपला मुलगा शमुवेल देवाला वाहिला, हे तुमच्या मनात असणार. पण त्याच कथेत पुढे देव शमुवेलाला स्वतः, नावाने हाक मारतो आणि उत्तरही शमुवेलच देतो. बायबलमधल्याच इफ्ताह नावाच्या सेनानायकाने घरातून जे कोणी आधी बाहेर येईल ते अर्पण करीन असा मोघम नवस केला आणि एकुलती एक लेक डफ वाजवत सामोरी आली. दुसऱ्याच्या जिवावर बोललेला नवस कुठे नेतो, ते बायबलच्या शास्ते या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात वाचा. माणसं वाहिली तर त्यांना सोडवायची तरतूद लेवीय 27 मध्येही आहे. 5 ते 20 वर्षांच्या मुलीसाठी 10 शेकेल (त्या काळचं चांदीचं वजन), आणि तेवढी ऐपत नसेल तर याजकाने परिस्थिती पाहून रक्कम ठरवायची. तिथेही गरिबाला दारातून परत पाठवलेलं नाही.

मग करायचं काय? जिन्यात म्हटलेले शब्द जसेच्या तसे कागदावर लिहा. नंतर मनाने जोडलेलं किंवा नणंदेने म्हटलेलं त्यात येऊ देऊ नका. तो कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तुमच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंकडे जा. खाजगी नवसातून योग्य कारणासाठी मोकळं करण्याचा अधिकार कलम 1196 ने त्यांना दिलेला आहे. समान किंवा अधिक चांगल्या गोष्टीत बदल तुम्ही स्वतःही करू शकता, पण आता भीती आहे, आणि भीतीपोटी माणूस हमखास झेपणार नाही असलं काहीतरी कबूल करून बसतो. शुक्रवार राखायचाच असेल तर तो दिवस, एक तास आणि एक वर्षाची मुदत असं नेमकं मागा. उदाहरणार्थ, दर शुक्रवारी तासभर एखाद्या एकट्या आजाऱ्याजवळ बसणं. 'मरेपर्यंत' हा शब्द या वेळी घालू नका.

मिस्टरांचं दुखणं उलटलं याचा तुमच्या शुक्रवारांशी संबंध जोडू नका. नवस फेडायला उशीर करू नको असं अनुवाद 23 बजावतो हे खरं. पण देवाच्या अंगणात सूड घेणारा सावकार बसलेला नाही. त्यांची औषधं, तपासण्या वेळेवर होतात ना, तेवढं पाहा.

आणि लेकीशी आजच बोला, धर्मगुरूंकडे जाईपर्यंत थांबू नका. शेजारी बसून एवढंच म्हणा, "घाबरले होते तेव्हा तुझ्या वतीने बोलले. तो अधिकार माझा नव्हता. तुझं तू ठरव." ती गप्प राहिली तरी लगेच उठू नका.